आधी खालची टाकी

१७ सप्टेंबर २०१५, दुपारी

मुक्तिसंग्राम दिन. कॉलेजात झेंडावंदन. प्रमुख पाहुणे कोण, तर केमिस्ट्रीचे क्लासवाले सर. लातुरातल्या प्रत्येक खांबावर यांचा फोटो लटकतो. भाषणात म्हणाले, मराठवाडा सत्तेचाळीस साली स्वतंत्र झाला. सत्तेचाळीस! निजामाच्या तावडीतून आपण सुटलो अठ्ठेचाळीसला, आणि हे याच दिवशी, याच झेंड्याखाली उभं राहून असं सांगतात. मी इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, दुरुस्ती करायला उभा राहिलो. प्राचार्यांनी हातानं 'बसा बसा' केलं, कारण पेढे वाटायला सुरुवात झाली होती.

संताप. पेढा घेतला नाही. म्हणजे घेतला, पण तिथे खाल्ला नाही.

तोच दिवस, संध्याकाळी

निर्णय झाला. मराठवाडा महाराष्ट्रातून बाहेर पडणार. 'स्वतंत्र मराठवाडा राज्य कृती समिती' आज सायंकाळी स्थापन. संस्थापक-अध्यक्ष मी. मुदत १ मे २०१६. पुढचा महाराष्ट्र दिन त्यांनी आमच्याविना साजरा करावा.

बायकोला सांगितलं. सौदामिनी म्हणाली, करा काय करायचं ते, पण आधी मोटार चालू करा, वर दोन दिवस पाणी गेलेलं नाही. थोर माणसाला घरात किंमत नसते.

१९ सप्टेंबर, पहाटे

झोपमोड. जिन्यावर बादल्या. रोज पाच वाजता हा छळ आहे. उर्वी, माझी पुतणी, यंदा बारावीला. क्लासला जायच्या आधी खालच्या हौदातून पाणी वर नेते. ठण् करून बादली ठेवते, दम खाते, परत उचलते. लक्ष तुटतं. समितीचा जाहीरनामा लिहायला घेतला होता, पहिल्या वाक्यावर अडकलो.

पोरगी गुणी आहे, पण बादली अलगद ठेवता येत नाही?

२० सप्टेंबर

जाहीरनाम्याचा पाया सापडला. एकच शब्द. बिनशर्त. छप्पन साली आपण हैदराबाद सोडून मराठी मुलखात आलो ते बिनशर्त. विदर्भानं अटी घातल्या, आपण भोळेपणानं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालो. तेव्हापासून अनुशेष. रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष, पाण्याचा तर विचारूच नका. जो अट घालत नाही त्याला लोक गृहीत धरतात. हे वाक्य जाहीरनाम्यात टाकायचं.

अर्थात, घरात गोष्ट वेगळी. मुकुल, माझा धाकटा भाऊ, पाटबंधारे खात्यात कारकून आहे. त्याचंच उदाहरण घ्या. वरचा मजला नुकता बांधून झाला आणि त्र्याण्णवचा भूकंप झाला. त्यानंतर लातुरात वरच्या मजल्यावर झोपायला माणूस तयार नव्हता. आम्ही कितीतरी दिवस अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो. पुढे वाटे ठरले तेव्हा मी जबाबदारी म्हणून खालचा मजला घेतला. मोठ्यानं पाया सांभाळायचा असतो. मुकुल एवढंच म्हणाला, दादा म्हणेल तसं. याला म्हणतात प्रेम. तिथे अटीबिटी कशाला?

बोअर अंगणात. मोटारीचं बटण माझ्या खोलीत, लहान मुलांचा हात लागू नये म्हणून. (उर्वी तेव्हा लहान होती.) जिन्याखाली कॉक आहे, तो असा बसवलाय की आधी खालची टाकी भरते, ती ओसंडली की वरची. पाणी आधी खाली जाणार, हा निसर्गनियम आहे.

४ ऑक्टोबर

संकल्प: १) रोज पहाटे चारला उठणे. २) पश्चिम महाराष्ट्रातल्या मालावर बहिष्कार. ३) चहा कमी. ४) रागावर ताबा.

५ ऑक्टोबर

साडेसातला उठलो. राग आला.

११ ऑक्टोबर, लोहा

समितीची पहिली बैठक. तिघंही हजर. मी, नांदेडचे किशनराव (निवृत्त मुख्याध्यापक), आणि उदगीरचा शरणप्पा, मोंढ्यातला धान्याचा आडत्या. औरंगाबादला मुद्दामच कुणाला बोलावलं नाही. बोलावलं की राजधानी तेच घेणार.

बैठक लोह्याला का? तर किशनराव लातूरला यायला तयार नाहीत, मी नांदेडला पाय ठेवणार नाही. लातूरचं विभागीय आयुक्तालय पळवायला निघाले होते तेव्हापासून माझी शपथ आहे. म्हणून मध्ये. पण लोहा कुठलं मध्ये? किशनराव चहा थंड व्हायच्या आत पोचले, मी अर्धा दिवस एसटीत. तरी राष्ट्रहितासाठी सोसलं.

किशनराव म्हणाले, तेलंगणानं करून दाखवलं, आपण का नाही? शरणप्पानं विचारलं, ते समदं ठीक हाय मालक, पण माल जातोय पुण्याला अन् मुंबईला, तिकडं नाका बसंल का? मी म्हणालो, तुझ्यासारख्यांच्या नाक्याच्या हिशेबापायीच आपण गुलाम राहिलो. त्यानं जेवणाचं बिल दिलं, म्हणून पुढे जास्त बोललो नाही.

ठराव एकमतानं मंजूर. राजधानीचा विषय पुढच्या बैठकीत.

२ नोव्हेंबर

डोकं फुटायची वेळ आली आहे. नाशिक-नगरवाले म्हणे जायकवाडीत पाणी सोडू देणार नाहीत. धरणावर जाऊन बसलेत. म्हणजे नदी काय यांच्या बापाची? वर बसलेत म्हणून आधी यांची तळी भरणार, यांचे ऊस भिजणार, मग उरलंच तर खाली थेंब. आणि वर ऐट अशी की आम्ही कुणाचं पाणी अडवलंच नाही, ते तुमच्यापर्यंत पोचत नाही त्याला आम्ही काय करणार! निर्लज्जपणाला सीमा असते.

जाहीरनाम्यात नवं कलम: 'ज्याच्या हातात पाण्याची कळ, त्याच्याच हातात सगळं. ही कळ आम्हाला हवी.'

मनस्विनी (मुकुलची बायको, माहेर नांदेड) आली होती. विचारत होती, दादा, आज तरी मोटार जास्त वेळ ठेवाल का, बोअरचं पाणी खालच्या टाकीतच संपतं. मी तिला शांतपणे समजावलं की शेडमध्ये मेडिकलची आठ पोरं कॉट बेसिसवर राहतात, ती उद्याचे डॉक्टर आहेत, त्यांच्या आंघोळी आधी. उरलं की वर येतंच. पोचत नसेल तर पाइपचा दोष. ती तशीच जिना चढून गेली. नांदेडची माणसं मनात ठेवतात.

११ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अंबरीश पुण्याहून आला. एकुलता एक मुलगा, नोकरी हिंजवडीत, जणू इकडे कंपन्याच नाहीत. (नाहीत. तोच तर मुद्दा आहे!) येताना बाकरवडी आणली. मी बहिष्काराचा संकल्प सांगितला. तो हसला. विचारलं, बाबा, वेगळं झाल्यावर मला घरी यायला व्हिसा लागेल का? सौदामिनीही हसली. मुकुल हसला. वरच्या गॅलरीतून ऐकणारी उर्वी तर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि प्यायला पाणी आणायला खालीच यावं लागलं.

१२ नोव्हेंबर

बाकरवडी संपवली. शत्रूचा दारूगोळा नष्ट करावा लागतो.

६ डिसेंबर

जाहीरनामा पूर्ण. अंगणात खुर्चीवर उभं राहून तालीम केली, आवाज मोंढ्यापर्यंत जाईल असा. 'तुम्ही आम्हाला बिनशर्त घेतलंत आणि बिनशर्त विसरलात! कळ तुमच्या हातात, टाकी तुमची भरलेली, आणि आमच्या लेकी पहाटे उठून घागरी वाहतात! आम्ही भीक मागत नाही, वाटा मागतो!'

वरच्या गॅलरीतून टाळ्या. पाहतो तर मुकुल, मनस्विनी, उर्वी तिघंही. इतका वेळ वाजवत होते की मला खुर्चीवरून उतरून नमस्कार करावा लागला. पहिल्यांदाच घरातून पाठिंबा. डोळे भरून आले.

७ डिसेंबर

मुकुल खाली आला. म्हणाला, दादा, कालचं भाषण फार पटलं. मग तेच भाषण सबंध म्हणून दाखवलं, फक्त 'मुंबई'च्या जागी 'तळमजला' घालून. पोराचं पाठांतर लहानपणापासून चांगलं. बराच वेळ मला वाटलं कौतुक चाललंय.

मागणी एकच. एक दिवस खालची टाकी आधी भरावी, एक दिवस वरची. उर्वीचं बारावीचं वर्ष आहे, तिचा सकाळचा तास बादल्यांत जातो, एवढं म्हणाला.

मी खवळलो. घराची तुलना राज्याशी? इथे भाऊ-भाऊ आहेत, तिथे लुटारू! त्याला ठणकावून सांगितलं की प्रश्न गंभीर आहे, अभ्यास करावा लागेल. एकसदस्यीय समिती नेमली. सदस्य मी. अहवाल तीन महिन्यांत.

जाता जाता तो म्हणाला, दादा, माझ्या खात्याचं सांगतो, नदी नाशिकहून येते. उद्या वेगळं झालात तर धरणाची दारं तिकडेच राहणार. एका राज्यात असून सोडत नाहीत, परक्याला सोडतील? मी म्हणालो, चहा घेतोस का. घेतो म्हणाला. विषय संपला.

२६ डिसेंबर

बादल्या. पाच वाजता. आज दोन जणी होत्या, उर्वीची आईही.

३ जानेवारी २०१६, लोहा

दुसरी बैठक. राजधानी.

किशनराव म्हणाले, नांदेडला गोदावरी हाय, विमानतळ हाय, जगभरातून लोक दर्शनाला येतात. लातूरला काय हाय? क्लासेस. मी म्हणालो, लातूर पॅटर्न देशाला माहीत आहे, आमच्या गल्लीगल्लीत डॉक्टर तयार होतात. ते म्हणाले, होतात अन् पुण्याला जातात. मग आयुक्तालय निघालं, मग रेल्वे निघाली, कुणाची गाडी कुणी पळवली हे निघालं. शरणप्पा शेंगा खात बसला होता. मध्येच म्हणाला, तुमचं चालू द्या, पण आधी उदगीर जिल्हा करा. लातूरसंगं ऱ्हाऊन आमचं काय भलं झालं? बाजार आमचा अन् हापिसं तुमची.

म्हणजे? हा माणूस राज्य जन्मायच्या आधीच त्यातून फुटून निघालाय! मी विचारलं, लाज नाही वाटत, एकजुटीच्या वेळी तुकडे पाडतोस? तो म्हणाला, सर, म्या तर तुमचंच ऐकून शिकलो.

बैठक तहकूब. येताना एसटीत उभा. किशनराव टाटा करत होते, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१७ जानेवारी

घरगुती प्रश्नावर तोडगा काढला. मन मोठं लागतं. मनस्विनीला 'वरचा मजला विकास मंडळा'ची अध्यक्ष केलं. बटण, कॉक आणि मोटार सोडून सगळे अधिकार. शिवाय विशेष पॅकेज जाहीर: दोन नव्या बादल्या, झाकणासकट, निळ्या. स्वतः वर पाठवल्या. (स्वतः गेलो नाही, गुडघा दुखतो. वर जाऊन वर्षं झाली.)

आभाराचा एक शब्द नाही.

सौदामिनी म्हणाली, अहो, कॉक एकदा फिरवला तर हात झडतो का? मी म्हणालो, धोरणात्मक प्रश्नात तू पडू नकोस. रात्री वरण अळणी होतं.

१८ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू. इंग्रजीचा पेपर. उर्वी पाया पडायला आली. केस ओले नव्हते, धुवायला पाणी नव्हतं म्हणे. मी आशीर्वाद दिला आणि सांगितलं, पेपरात कुठे मराठवाड्याचा उल्लेख आला तर ठासून लिही. इंग्रजीत येणार नाही म्हणाली. तोच तर अन्याय!

पोरीच्या हाताला घट्टे पडलेत. जिमला जाते की काय?

२० मार्च

मांजरा धरण कोरडं. नळ बंद. टँकरवर मारामाऱ्या. टाक्यांभोवती जमावबंदी लागली. समितीची सभा ठेवली होती, पण पाचपेक्षा जास्त माणसं जमायला मनाई. आम्ही तिघंच असतो, तरी कायद्याचा मान राखून पुढे ढकलली. सरकार घाबरलंय.

२७ मार्च

शेडमधली पोरं गाशा गुंडाळून गेली. क्लासेसनीच पोरांना घरी जायला सांगितलं. आठही कॉट रिकामे. माझी पोरं, उद्याचे डॉक्टर, पाण्यावाचून पळाले. आता खालचं पाणी कोण वापरणार? पण बोअरही गुळण्या टाकतोय. वर सोडण्याइतकं आता उरलंच नाही, नाहीतर माझा विचार होता. खरंच होता.

एकसदस्यीय समितीला मुदतवाढ.

५ एप्रिल

आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का. मुकुलनं बदली मागितली. मागितली! विनंती बदली! आणि कुठे, तर नांदेडला. मनस्विनीच्या माहेराजवळ घर बघितलंय. उर्वीच्या सीईटीचा क्रॅश कोर्सही तिकडेच लावला. लातूरची पोरगी क्लाससाठी नांदेडला! हे म्हणजे मोंढ्यातल्या माणसानं तूर विकत घ्यायला मुंबईला जाणं झालं.

मी त्याला बसवून दोन तास समजावलं. सांगितलं, छोटी घरं टिकत नाहीत. एकत्र राहण्यातच ताकद आहे. रक्ताचं नातं, एक इतिहास, एक ताट. थोड्याफार कुरबुरी कुठे नसतात? वेगळं होऊन कुणाचं भलं झालंय? बाहेर गेलास तर तुला विचारेल कोण? थोडा धीर धर, पुढच्या बजेटमध्ये, म्हणजे पुढच्या महिन्यात, काहीतरी करतो. मी इतकं चांगलं बोललो की मलाच घाम फुटला.

सौदामिनी दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच आत गेली.

मुकुल म्हणाला, दादा, माझी अट काहीच नाही. बिनशर्त आलो होतो, बिनशर्त चाललो. वरचा मजला ठेव तू.

फुटीर. माझ्याच घरात फुटीर निपजावा!

१० एप्रिल

टेम्पो आला. सामान फार नव्हतं. जाताना मनस्विनी सौदामिनीच्या गळ्यात पडून रडली. दोघी जावा इतक्या जवळच्या होत्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उर्वीनं टेम्पोच्या मागून हात केला. मी केला नाही. निषेध. टेम्पो वळल्यावर केला.

निळ्या बादल्या जिन्याखाली ठेवून गेलेत. पॅकेज नाकारलं.

११ एप्रिल

सहाला जाग आली. शांतता होती. आता जाहीरनाम्याचं इंग्रजी भाषांतर हाती घ्यायचं. सुचलं नाही.

१३ एप्रिल

काल पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून. अख्खं लातूर स्टेशनावर. लोकांनी इंजिनाला हार घातले, मोबाइल वर करून फोटो काढले. मिरज! ज्यांच्याविरुद्ध बहिष्कार, त्यांचंच पाणी! मी स्टेशनावर गेलो नाही. आमच्या गल्लीत टँकरनं आलं तेव्हा ओळीत उभा राहिलो, पण चेहऱ्यावर पूर्ण नापसंती ठेवून. हे उपकार नव्हेत, हा अनुशेषाचा पहिला हप्ता आहे, असं पुढच्या बाईला समजावलं. ती म्हणाली, सर, ढकलू नका.

पाणी गोड आहे. नोंद म्हणून लिहितो.

२९ एप्रिल

आता मात्र हद्द झाली. दिल्लीनं ठरवलं, यंदापासूनच देशभर मेडिकलला एकच परीक्षा. स्टेट बोर्डाची पोरं दोन वर्षं एक अभ्यास करतात आणि ऐन तोंडावर हे सांगतात, तो चालणार नाही! कुणाला विचारलं? लातूरला विचारलं? उर्वीला विचारलं?

मी आतापर्यंत फार संकुचित विचार करत होतो. प्रश्न महाराष्ट्राचा नाहीच. मराठवाड्यानं संघराज्यातूनच बाहेर पडलं पाहिजे. सार्वभौम. निजामाच्या काळात स्वतःचं नाणं होतं, रेल्वे होती, आपणही काढू. हैदराबाद सोडून भारतात आलो तेव्हाही अटी घातल्या नाहीत, तीच चूक.

हा ऐतिहासिक निर्णय किशनरावांना फोनवर कळवला. ते म्हणाले, अनंतराव, गुरुवारी नातवाचं जावळ हाय, नंतर बोलू. शरणप्पानं फोन उचलला नाही. मग उर्वीला कळवला. नांदेडचा नंबर लावताना शपथ आठवली, पण शपथ पायांची होती, फोनची नव्हती. तिला सांगितलं, बेटा, घाबरू नकोस, तुझ्यासाठी काका देश सोडायला तयार आहे.

ती म्हणाली, काका, देश सोडायच्या आधी कॉक सोडायचा ना.

मग लगेच 'सॉरी' म्हणाली. मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता.

१ मे, महाराष्ट्र दिन

मुदतीचा दिवस. सकाळी सात वाजता गच्चीवरून स्वतंत्र मराठवाड्याचा झेंडा फडकवायचा होता. झेंडा मी स्वतः शिवून घेतला होता, पांढऱ्या सुती कापडाचा, मध्ये गोदावरीची निळी रेघ. कपाटात नव्हता. ट्रंकेत नव्हता. आरडाओरडा केला. सौदामिनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून भाजी चिरत राहिली.

घागरीच्या तोंडाला बांधला होता. टँकरचं पाणी गाळायला. मध्ये निळ्या रेघेवर मिरजेचा गाळ बसला होता.

मी विचारलं, याचा अर्थ कळतो तुला? ती म्हणाली, घट्ट विणीचं कापड आहे, दुसरं कुठलंच इतकं चांगलं गाळत नाही.

झेंडावंदन पुढे ढकललं. पाणी प्यावंच लागतं.

८ जून

उर्वीचा निकाल लागून गेला होता, मला आज अंबरीशकडून पुण्याहून कळलं. चांगले मार्क आहेत. माझ्या घरच्या पोरीचे मार्क मला पुण्याहून कळतात. कुणावर रागवावं तेही कळेना. सौदामिनीवर रागावलो.

३ जुलै

पाऊस बरा. बोअर जिवंत झाला. लातुरात पोरांचे लोंढे परत. खालच्या शेडमध्ये पोरं आली. वरच्या मजल्याची पाटी लावली: 'फक्त मुलींसाठी, २४ तास पाणी.' समितीच्या कार्यालयाचा विचार होता, पण समितीत सध्या मीच आहे.

किनवटहून एक पालक आले. ग्यानोबा, त्यांची मुलगी दीपाली. पोरगी आश्रमशाळेत शिकली, डॉक्टर व्हायचंय. खोल्या दाखवायला त्यांच्यासोबत वर गेलो. बऱ्याच वर्षांनी. भिंतीवर उर्वीनं पेन्सिलीनं लिहिलेली केमिस्ट्रीची सूत्रं अजून आहेत. फळीवर तांब्या, त्यावर उलटं फुलपात्र. भूकंपानंतर सगळेच ठेवायचे, हललं की वाजावं म्हणून. मी खाली कधीच काढून टाकलं. हे लोक तेवीस वर्षं ते ठेवून वर झोपत होते?

ग्यानोबा म्हणाले, खोली झकास हाय सर, पण पाणी येतंय का वर? मी म्हणालो, फुल प्रेशर. नळ सोडला.

फस्स. हवा आली. मग तांबूस थेंब. मग तेही नाही.

मी म्हणालो, मोटार बंद असेल. खाली जाऊन चालू केली, धापा टाकत परत वर. आम्ही तिघं नळाकडे बघत उभे. खाली टाकी भरल्याचा आवाज येत होता, मग पोरांच्या आंघोळीचा. वर काही नाही. ग्यानोबा म्हणाले, लेकराला पाणीच वाहायला लावायचं असतं तर किनवटला काय वाईट होतं?

मला कुणी कधी इतकं चिडवलं नव्हतं. तरातरा जिन्याखाली गेलो, कॉक धरला, फिरवला. फिरेना. दोन्ही हातांनी. पाना लावला. तेवीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, गंजून एका बाजूला घट्ट बसलाय. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, भिंत फोडावी लागेल, पुढच्या आठवड्यात बघतो.

ग्यानोबांनी खोली घेतली, पण अट घालून. नळ होईपर्यंत रोज पहाटे पोरगी क्लासला जायच्या आधी दोन बादल्या वर पोचल्या पाहिजेत. मालकानं पोचवायच्या. मी म्हणालो, अटी घालायची पद्धत आमच्या घरात नाही. ते म्हणाले, मग दुसरीकडं बघतो. सौदामिनीनं मागून सांगितलं, पोचतील.

४ जुलै, पहाटे

पाचला उठलो. संकल्प होताच. पॅकेजमधल्या निळ्या बादल्या घेतल्या. भरल्यावर इतक्या जड होतात हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. जिन्यात तीनदा थांबलो. एका पायरीवर भिंतीचा रंग गेलाय, बादली टेकून टेकून गेलेला, बरोबर उर्वीच्या कमरेच्या उंचीवर. तिथेच मीही टेकवली. फार एकटं वाटलं. मुकुल असता तर एक हात त्यानं लावला असता.

वर पोचलो. बादली ठेवली. दीपालीनं दार किलकिलं केलं, हातात पुस्तक. म्हणाली, काका, जरा हळू ठेवता का? लक्ष तुटतं.

हो म्हणालो. दुसरी अलगद ठेवली.

उद्या पुन्हा पाचला.